कष्टाच्या हातांसाठी साखरपुड्याची अंगठी: खरेदीआधी एवढं वाचा

अंगठी बघायला आलेल्यांना आम्ही वजन आणि बजेट नंतर विचारतो. आधी विचारतो, हे हात दिवसभर काय करतात? कोल्हापूर परिसरात लेथवर काम करणारे, फाउंड्रीत साचे भरणारे, गाड्यांचं वायरिंग करणारे, पहाटे उठून म्हशीची धार काढणारे आमचे बरेच ग्राहक आहेत. काचेच्या कपाटात उठून दिसणारी अंगठी त्यांच्या हाताला सोसेलच असं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. फिरणाऱ्या यंत्राजवळ कुठलीच अंगठी नको, आमच्याकडून घेतलेलीही नको. लेथ, ड्रिल, कडबाकुट्टी, उसाचा घाणा यांत अंगठी अडकली की यंत्र थांबत नाही आणि बोटाची कातडी मोज्यासारखी सोलून निघते. यंत्रच हवं असंही नाही. ट्रकच्या फाळक्यावरून उडी मारताना अंगठी हुकात अडकली, तर सगळ्या अंगाचा भार त्या एका बोटावर येतो. बारा व्होल्टच्या बॅटरीचा शॉक बसत नाही म्हणून मेकॅनिक निर्धास्त असतात. पण पाना टर्मिनलला लागलेला असताना अंगठी पान्याला आणि गाडीच्या बॉडीला एकदमच टेकली, तर शॉर्ट होतं, अंगठी क्षणात तापते आणि बोट गोल भाजतं.

म्हणून कामाच्या दाराशी सहज निघेल आणि संध्याकाळी तितक्याच सहज परत चढेल, अशीच अंगठी आम्ही सुचवतो. काढलेली अंगठी खिशात सुटी टाकू नका. आम्ही प्रत्येक अंगठीबरोबर फिरकीच्या झाकणाची छोटी डबी देतो, ती डब्याच्या पिशवीत ठेवा. साखळीत ओवून गळ्यात घालायची पद्धत यंत्राजवळ तितकीच धोक्याची आहे.

‘घरात वेढणं आहे, तेच बोटात घालू’ असं बरेच जण म्हणतात. वेढणं 24 कॅरटचं, म्हणजे जवळजवळ शुद्ध सोनं. ते साठवणीला उत्तम, पण फार मऊ. पहार किंवा हातोडी धरणाऱ्या बोटात ते गोल राहत नाही, आणि जे झिजतं ते तुमचं सोनंच असतं. 22 कॅरटमध्ये, म्हणजे 916 मध्ये, 91.6 टक्के सोनं असतं. 18 कॅरटमध्ये, म्हणजे 750 मध्ये, 75 टक्के. उरलेल्या तांब्या-चांदीमुळे 18 कॅरट अधिक कठीण होतं, म्हणून रोजच्या वापराला आम्ही तेच सांगतो. मोड देताना 75 टक्क्यांच्याच हिशेबाने पैसे मिळतील, हेही आधीच सांगतो. घरातल्या मोठ्यांना हे चटकन पटत नाही. त्यांचं चुकतं असं नाही, अडीनडीला सोनंच उपयोगी पडतं. मग 22 कॅरटमध्येच करा, पण भरीव आणि जाड, वर नक्षी नको. पोकळ अंगठी एकदा चेपली की धड सरळ होत नाही.

पट्टी तीन-चार मिलिमीटर रुंद आणि आतली कड गोलसर असली की घाम आणि साबण कमी अडकतो. नर्सताईंना हे लगेच कळतं, कारण अंगठीखाली ओल राहिली की तिथली कातडी आधी खाजते, मग सोलते. (ड्यूटीवर तर अंगठी काढूनच ठेवावी.) सिमेंट कालवणाऱ्यांचंही तेच.

नवऱ्या मुलीची अंगठी बहुधा सासरची मंडळी पसंत करतात आणि तिच्या कामाचं कोणी विचारत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. शिवणकाम करणाऱ्या मुलीला चार काट्यांवर उचललेला खडा दिला, तर प्रत्येक कापडाचा धागा त्यात अडकतो. भाकरीचं पीठ मळताना ते काट्यांखाली बसतं. धार काढताना म्हशीच्या सडाला ओरखडा उठतो. खडा हवाच असेल तर पट्टीच्या पातळीत बसवून कडा चारी बाजूंनी दाबून घ्या. मोती आणि पोवळं कामाच्या हातात टिकत नाही, पाचू ठोक्याने तडकतो. हिरा सर्वांत कठीण, तरी कडेवर नेमका घाव बसला तर त्याचाही टवका उडतो.

टंगस्टनच्या अंगठीला ओरखडा पडत नाही, म्हणून तरुण मुलं तीच मागतात. पण तिचं माप बदलता येत नाही आणि फरशीवर जोरात आपटली तर ती फुटू शकते. बोट सुजलं तर ती कापली जात नाही, पक्कडीने दाबून फोडावी लागते. सोन्याची अंगठी छोट्या करवतीने कापता येते आणि झाळून पुन्हा जोडताही येते.

अंगठी अडकलीच तर ओढू नका. हात थोडा वेळ डोक्याच्या वर धरा, बोटाला साबण लावा. तरी निघाली नाही तर शिवणाच्या दोऱ्याचं टोक अंगठीखालून तळहाताकडे काढा. उरलेला दोरा अंगठीला लागून पेराच्या पलीकडे जाईपर्यंत बोटावर घट्ट, वेढ्याला वेढा लावून गुंडाळा. मग तळहाताकडचं टोक धरून दोरा हळूहळू उलगडत न्या, अंगठी त्याबरोबर पुढे सरकते. बोट निळं किंवा बधिर पडत असेल तर यात वेळ घालवू नका, थेट दवाखान्यात जाऊन अंगठी कापून घ्या.

बिलाआधी अंगठीच्या आत तीन खुणा बघा: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर आमच्यासमोरच तपासा, आम्हाला राग येणार नाही.

माप सकाळी देऊ नका. दिवसभराच्या कामाने आणि उन्हाने बोट फुगतं, आणि कष्टाच्या हातांची पेरं तशीही जाड असतात. अंगठी पेरावरून जराशी अडून, पण साबणाशिवाय उतरली की माप बरोबर. कामावरून सुटल्यावर थेट या. हाताला ग्रीस असलं तरी चालेल, गरम पाणी आणि साबण आमच्याकडे आहे.