इंग्लंडमधल्या गावात पॅरिश कौन्सिलर व्हायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी वाचा

गावाच्या सूचनाफलकावर पॅरिश कौन्सिलमधली (तिथल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेतली) कौन्सिलरची जागा रिकामी असल्याचा कागद लागला की तिथे स्थिरावलेली आपली मंडळी विचारतात, भारतीय पासपोर्टवर उभं राहता येतं का? येतं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. ‘पॅरिश’ शब्द चर्चचा वाटला, तरी धर्माची अट नाही. 1894 च्या कायद्यापासून पॅरिश कौन्सिल चर्चपासून वेगळी आहे. खेळाचं मैदान, दफनभूमी, बांधकाम अर्जांवर गावाचं मत, अशी तिची कामं.

सगळ्यात जास्त घोळ व्हिसाचा होतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर मतदारयादीत नाव लागतं, मत देता येतं, म्हणून लोक धरून चालतात की उभंही राहता येईल. नाही येत. परदेशी पासपोर्टवर राहणाऱ्या आपल्यासारख्या उमेदवाराला इंडेफिनिट लीव्ह टू रिमेन, म्हणजे कायम राहण्याची परवानगी लागते. त्यात अर्जासोबत तिचा पुरावा कोणी मागत नाही. रिटर्निंग ऑफिसर, म्हणजे निवडणूक अधिकारी, कागद नीट भरलाय का एवढंच बघतो. त्यामुळे अर्ज स्वीकारला गेला म्हणजे आपण पात्र ठरलो असं समजू नका. पात्रतेच्या विधानाखाली सही तुमची असते आणि जाणूनबुजून खोटं लिहिणं हा गुन्हा आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट अर्जाच्या पहिल्या पानावर ठळक छापायला काय हरकत आहे, कळत नाही.

वय 18 पूर्ण हवं आणि गावाशी चारपैकी एक नातं हवं: त्या पॅरिशच्या मतदारयादीत नाव, किंवा गेले 12 महिने सलग तिथे मालक वा भाडेकरू म्हणून जागा, किंवा गेले 12 महिने सलग तिथेच मुख्य नोकरी-धंदा, किंवा गेले 12 महिने सलग पॅरिशमध्ये वा तिच्यापासून 3 मैलांच्या आत वास्तव्य. जेवढी लागू असतील तेवढी सगळी लिहा. फक्त मतदारयादीवर विसंबलात आणि पदाच्या मुदतीत मधेच घर बदलून नाव निघालं, तर पदही जातं.

मधेच रिकामी झालेली जागा असेल तर सूचना लागल्यापासून 14 दिवसांत 10 मतदारांनी लेखी मागणी केली तरच निवडणूक होते. या 14 दिवसांत शनिवार, रविवार आणि बँक हॉलिडे धरत नाहीत, म्हणजे कॅलेंडरवर जवळजवळ तीन आठवडे. कोणी मागणी केली नाही, तर कौन्सिल स्वतःच सदस्य निवडून घेते. त्यासाठी अनेक ठिकाणी क्लार्कला (कौन्सिलचं कामकाज बघणाऱ्या अधिकाऱ्याला) साधं पत्र पुरतं. गावाच्या मासिकातल्या बातमीची वाट बघत बसू नका, ती छापून येईपर्यंत मुदत उलटलेली असू शकते. फलकावरची तारीखच खरी.

दर 4 वर्षांनी मेच्या पहिल्या गुरुवारी होणाऱ्या निवडणुकीचा अर्ज मात्र क्लार्ककडे द्यायचा नाही. तो रिटर्निंग ऑफिसरकडे, मतदानाआधीच्या 19 व्या कामकाजाच्या दिवशी दुपारी 4 पर्यंत, हातोहात पोचला पाहिजे. पोस्ट, ईमेल, स्कॅन काही चालत नाही. आजच्या काळात हा हट्ट कशाला, असं वाटणं साहजिक आहे, पण 4 वाजून 5 मिनिटांनी आणलेला अर्ज कोणी घेत नाही. शेवटच्या दिवसावर तर मुळीच ठेवू नका. आधी अपॉइंटमेंट घेऊन तपासून घेतलात, तर चूक दुरुस्त करायला वेळ उरतो.

सूचक आणि अनुमोदक दोघेही त्याच पॅरिशचे मतदार हवेत, आणि पॅरिशचे वॉर्ड असतील तर त्याच वॉर्डातले. रस्त्यापलीकडचा सज्जन शेजारी कधीकधी दुसऱ्या वॉर्डात निघतो! म्हणून सही घेण्याआधी त्यांचा मतदार क्रमांक यादीत बघा, आकड्याआधीच्या अक्षरांसकट. उमेदवारीला तुमची संमती असल्याच्या पत्रावर साक्षीदार लागतो, आणि त्यावरची सही अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी महिन्याभराच्या आतलीच हवी. उत्साहाने दोन महिने आधी केलेली बाद होते. नाव वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट पूर्ण लिहा. गाव तुम्हाला छोट्या नावाने ओळखत असेल तर त्यासाठी वेगळा रकाना आहे. घरचा पत्ता जाहीर होऊ नये असं वाटत असेल, तर तशी सोय त्याच्या स्वतंत्र फॉर्मवर आहे. अनामत रक्कम नाही.

निवडणूक झाल्यावर खर्चाचा हिशेब 28 दिवसांत द्यावा लागतो, एक पेनी खर्च केला नसला तरी आणि बिनविरोध आलात तरी. निवडून आल्यावर पद स्वीकारल्याच्या जाहीरनाम्यावर पहिल्या बैठकीआधी किंवा बैठकीत सही करा, आणि 28 दिवसांत आपल्या व जोडीदाराच्या आर्थिक हितसंबंधांची नोंद द्या. गावात तुमच्या पत्नीच्या नावावर घर असेल तर तेही त्यात येतं.