मनोरुग्णाच्या सहीलाही किंमत आहे

कर्नाटकातल्या खानापूर-निपाणीकडे अजून सर्रास ऐकू येतं, ‘एकदा डोक्याचे उपचार झाले की त्याच्या सहीला किंमत नाही, घरचे म्हणतील तेच.’ हे साफ चूक आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 प्रमाणे, पूर्वी आजार झालेला असला तरी कुठल्याही सज्ञान माणसाला आपल्या मानसिक उपचारांबद्दल आगाऊ निर्देश लिहिता येतात, म्हणजे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवता येतं. ते लागू होतात निर्णयक्षमता गेल्यावर, ती परत येईपर्यंतच.

निर्देश लेखी हवेत. सही किंवा अंगठा, दोन साक्षीदार, प्रतिनिधी (आपल्या वतीने बोलायला नेमलेला माणूस) नेमला असेल तर त्याची संमतीची सही, आणि याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य आढावा मंडळाकडे नोंदणी. मजकूर मोघम नको. ‘त्रास देऊ नका’ यातून डॉक्टरांना काहीच कळत नाही. ‘हॅलोपेरिडॉलच्या इंजेक्शनने माझी मान आखडते, दुसरं औषध द्या’ हे कामाचं.

खरा घोटाळा प्रतीचा होतो. कागद घरच्या ट्रंकेत आणि पेशंट धारवाडच्या मनोरुग्णालयात! प्रत मिळालीच नाही तर कायदा डॉक्टरांना जबाबदार धरत नाही. ती पोचवणं लिहिणाऱ्याचं आणि प्रतिनिधीचं काम. मराठी कागदाला कन्नड भाषांतर जरूर जोडा. कायदा केंद्राचा, म्हणून मिरज-कोल्हापुरातही तोच. तातडीच्या उपचारांना मात्र हे निर्देश आड येत नाहीत.