जुन्या बसचा जीर्णोद्धार (नागपूर)

सेवेतून बाद झालेली बस घरच्या आवारात ठेवून तिचा सांगाडा, पत्रा, इंजिन आणि ब्रेक मूळ घडणीप्रमाणे दुरुस्त करण्याचे काम. नागपुराजवळ हिंगण्याला एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा असल्यामुळे बसच्या पत्राकामाची जाण असलेला निवृत्त कारागीर शहरात शोधता येतो. इंजिन बांधणाऱ्या मिस्त्रीपेक्षा त्याची गरज जास्त पडते.

खरेदीआधी कागद पाहावेत. भंगार म्हणून लिलावात गेलेल्या बसची नोंदणी रद्द झालेली असते. ती पुन्हा रस्त्यावर आणणे जवळपास अशक्य. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेली, ५० वर्षांवरील वाहनांची ‘व्हिंटेज’ नोंदणी दुचाकी आणि खासगी चारचाकींपुरती आहे. बसला तिचा उपयोग नाही.

जागा किमान १४ बाय ५ मीटर हवी, म्हणजे दोन्ही बाजूंनी शिडी लावता येते. काळ्या मातीच्या प्लॉटवर बस थेट उभी करू नये. पावसाळ्यात ही माती फुगते, जॅक खचतो आणि चेसिसला पीळ बसतो. चाकांच्या रेषेत मुरूम ठोकून वर काँक्रीटच्या पट्ट्या टाकाव्यात आणि घोड्या (वजन पेलणारे लोखंडी स्टँड) अ‍ॅक्सलखाली लावाव्यात, बॉडीखाली कधीच नाही.

बहुतेक जण इंजिनापासून सुरुवात करतात. ते चूक आहे: इंजिनाचे भाग मिळतात, काही लेथवर घडवताही येतात, बस संपते ती सांगाड्यात. पाणी छताच्या सांध्यांतून आणि टपावरच्या सामानाच्या कॅरियरच्या बोल्टांतून शिरते, खिडक्यांमधल्या खांबांच्या पोकळीतून उतरते आणि तळाच्या आडव्या पट्टीत साचते. त्यामुळे गंज खाली दिसला तरी दुरुस्ती वरून करावी लागते. छत पाणबंद करून पाइपने पाणी मारून तपासल्याशिवाय खालची पट्टी बदलली, तर तीही सडते. खांब एका वेळी एकच कापावा, आणि त्याआधी दारांच्या चौकटींत अँगलचे तिरपे आधार वेल्ड करावेत. हे टाळले की छत मध्ये बसते आणि काचा चौकटीत जात नाहीत.

अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लोखंडी खांबावर थेट ठोकला तर ओलीत दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया होते आणि अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखा झडतो. मध्ये प्रायमर आणि रबर किंवा बिटुमिनची पट्टी घालावी, रिव्हेटही अ‍ॅल्युमिनियमचेच वापरावेत. सांगाडा सागवानी असेल तर आलापल्लीचा साग जवळच मिळतो, पण तो पुरता वाळलेला हवा. ओले लाकूड मे महिन्यात आकसते आणि सगळे स्क्रू सैल पडतात.

टाटाची ६९२ आणि ६९७ ही सहा सिलिंडरची इंजिने. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) अनुक्रमे ९२ आणि ९७ मिमी. पिस्टन मागवण्याआधी ब्लॉकवरचा नंबर वाचावा, कारण मधल्या काळात इंजिन बदललेले असू शकते. जाम इंजिन स्टार्टरने किंवा गाडी ओढून फिरवू नये. इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचे थोडे मिश्रण ओतावे, पाचसहा दिवस मुरू द्यावे आणि फ्लायव्हील टॉमीने (लोखंडी दांड्याने) हळूहळू हलवावे. इंजेक्टर परत बसवण्याआधी काही फेरे देऊन हे तेल बाहेर काढावे. आत राहिले तर द्रव दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पहिली चाचणी वेगळ्या कॅनमधल्या डिझेलवर घ्यावी. टाकीतला गाळ डिझेल पंपाचे प्लंजर (आतले दट्टे) खातो.

जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावे. मेच्या उन्हात थिनर वाटेतच उडून रंग खरखरीत बसतो, पावसाळ्यात ड्युको (गाड्यांचा लवकर वाळणारा लॅकर रंग) पांढुरका पडतो. लांबीचा (पुट्टीचा) थर ३ मिमीपेक्षा जाड झाला की बसच्या थरथरीने तडकतो. जिथे जास्त लांबी लागते तिथे खरे तर पत्राच बदलायला हवा होता.

२० इंची रिमला टायर जागेवर धरणारी सुटी लॉक रिंग असते. ती गंजलेली किंवा अर्धवट बसलेली असताना हवा भरली तर रिंग उडून जीव जाऊ शकतो. चाक पिंजऱ्यात ठेवून किंवा साखळीने बांधून, लांब नळीने आणि बाजूला उभे राहूनच हवा भरावी.