ज्वारीतलं नायसिन जातं कुठे?

गळ्याभोवती हार घातल्यासारखा काळपट, खरखरीत पट्टा. तसेच चट्टे हातांच्या मागच्या बाजूला आणि पावलांवर, म्हणजे जिथे जिथे ऊन लागतं तिथे. कपड्याखालची कातडी मात्र ठीकठाक. जोडीला जुलाब, उडालेली झोप, आणि दुखणं वाढलं की भ्रम. १९५० आणि ६०च्या दशकांत हैदराबादच्या डॉक्टरांना असे रुग्ण नवीन नव्हते. बहुतेक मोलमजुरी करणारे, आणि ताटात दोन्ही वेळ ज्वारीच. या रोगाचं नाव पेलाग्रा. नायसिन, म्हणजेच बी३ जीवनसत्त्व कमी पडलं की तो होतो.

पण ज्वारीत नायसिन आहे की! १०० ग्रॅममागे साधारण २ ते ३ मिलिग्रॅम. कष्ट करणारा माणूस दिवसाकाठी अर्धा किलो ज्वारीच्या भाकरी सहज खातो, म्हणजे १० ते १५ मिलिग्रॅम तिथेच झालं. शिवाय प्रथिनांमधल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून यकृत स्वतःही नायसिनची गरज भागवतं. ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम, असा ढोबळ हिशोब. ते धरून आणखी आठेक मिलिग्रॅमची भर पडते. पुरुषाची रोजची गरज १६ मिलिग्रॅमच्या आसपास असते. कागदावर सगळं जमतं, आणि तरी माणूस आजारी पडतो.

नायसिनचं शरीरात काम काय? त्यापासून एनएडी नावाचा रेणू बनतो. पेशीत ग्लुकोज फुटतं तेव्हा त्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन हा रेणू हमालासारखा उचलतो, मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, नेऊन टाकतो आणि रिकामा होऊन परत येतो. त्या इलेक्ट्रॉनांच्या जोरावर तिथे एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, तयार होतं. चरबी आणि प्रथिनं जाळतानाही हाच रेणू लागतो. उन्हाने डीएनएला झालेली इजा दुरुस्त करतानाही एनएडी खर्च होतं, त्यामुळे उघड्या कातडीवर टंचाई लवकर दिसते. आतड्याचं अस्तर सतत नवं होत असतं, तिथेही तोच प्रकार. म्हणून जुलाब.

हा रोग मुळात मक्याच्या नावावर नोंदलेला आहे. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात त्याने थैमान घातलं, तेव्हा तो संसर्गजन्य आहे अशी अनेकांची पक्की खात्री होती. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरला ते पटेना. दोष आहारातच आहे हे दाखवण्यासाठी त्याने १९१६ मध्ये रुग्णांचं रक्त स्वतःला टोचून घेतलं, त्यांच्या कातडीच्या खपल्या गिळल्या. काही झालं नाही. असली हिंमत आजची कुठलीही नीतिसमिती मान्य करणार नाही, पण मुद्दा सिद्ध झाला. नायसिनचं नाव मात्र १९३७ मध्ये, कॉनराड एल्व्हेजेम यांच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं.

मक्यातलं बरंचसं नायसिन मोठ्या रेणूंना घट्ट चिकटलेलं असतं. आपले पाचकरस ते सोडवू शकत नाहीत. त्यात मक्याच्या प्रथिनांत ट्रिप्टोफॅनही तुटपुंजं. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात. चुन्यामुळे ते नायसिन मोकळं होतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही.

ज्वारीतही काही नायसिन असं अडकलेलं असतं, पण तिच्यात ट्रिप्टोफॅनची मक्याइतकी चणचण नाही. मग घोडं अडतं कुठे? हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेतले सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये वेगळाच संशयित पुढे केला: ल्युसिन. हेही अमिनो आम्लच, शरीराला अत्यावश्यक, आणि ज्वारीत भरपूर. त्यांचं म्हणणं असं की ल्युसिनचा अतिरेक ट्रिप्टोफॅनपासून एनएडी बनण्याच्या वाटेत आडवा येतो. ही वाट लांबलचक आहे. तिच्यावरच्या एका विकराला (एन्झाइमला) बी२ लागतं, दुसऱ्याला बी६, तर पहिल्याच विकराच्या पोटात लोह असतं. यातलं काहीही कमी पडलं की पुढचं काम रखडतं. ल्युसिनचा सिद्धांत सगळ्यांनी मान्य केला नाही, काही प्रयोगांत तो टिकला नाही. तरी दाण्यात किती आहे यापेक्षा सोबत काय आहे ते पाहायला त्याने भाग पाडलं, आणि माझ्या मते हेच त्या कामाचं मोल.

आता ज्वारीला पुन्हा भाव आला आहे, तेव्हा कोणी घाबरून भाकरी सोडू नये. रोग ज्वारी खाल्ल्याने नव्हे, जवळजवळ ज्वारीच खाल्ल्याने होत होता. सोलापूरकडे भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी असते. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला सुमारे १२ मिलिग्रॅम नायसिन असतं, ज्वारीच्या चौपट तरी, आणि भाजल्याने ते फारसं नासत नाही. वर डाळ किंवा दूध असलं की ट्रिप्टोफॅनही मिळतं. आणखी एक मजेशीर स्रोत म्हणजे कॉफी: बिया भाजताना त्यांतल्या ट्रायगोनेलिन या द्रव्यापासून नायसिन तयार होतं.

पेलाग्रा आज क्वचित दिसतो, आणि दिसतो तो अनेकदा दारूच्या आहारी गेलेल्यांत. कधीकधी टीबीच्या रुग्णांतही. आयसोनियाझिड हे टीबीवरचं औषध शरीरातलं बी६ निकामी करतं. बी६ नाही म्हटल्यावर ट्रिप्टोफॅनची वाट मध्येच बंद होते, मग जेवण कितीही चांगलं असो. हातापायांना मुंग्या येऊ नयेत म्हणून या औषधाबरोबर पायरिडॉक्सिनची जी छोटी गोळी देतात, ती बी६चीच. ती गोळी हीसुद्धा वाट उघडी ठेवते.