हॅचरी (अंडी उबवणी केंद्र)

फलित अंडी मशीनमध्ये उबवून त्यातून पिल्लं काढायची आणि एक दिवसाची असतानाच ती विकायची, हा धंदा जिथे चालतो ती जागा म्हणजे हॅचरी. सरकारी कागदावर 'अंडी उबवणी केंद्र' असतं, बोलताना मात्र सगळे हॅचरीच म्हणतात. इथे कोंबड्या नसतात, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुण्यातसुद्धा पोल्ट्री, ब्रीडर फार्म आणि हॅचरी या तिन्हींना सरसकट पोल्ट्री म्हणायची सवय आहे. कोंबडा-कोंबडी असतात ब्रीडर फार्मवर, तिथून फलित अंडी हॅचरीत येतात, आणि निघालेली पिल्लं ब्रॉयलर (मांसासाठी) किंवा लेयर (अंड्यांसाठी) वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडे जातात. दुकानातलं अंडं लेयर फार्मचं असतं, तिथे कोंबडाच नसतो, म्हणून ते कितीही उबवलं तरी पिल्लू निघत नाही.

शब्द इंग्रजी असला तरी मराठीत पक्का रुळलाय. बेकरी-बेकऱ्या तसं हॅचरी-हॅचऱ्या, हॅचरीत, हॅचरीवाला. इंग्रजीतलं 'हॅच' हे क्रियापद मध्ययुगीन आहे पण त्याच्या मागे काय होतं ते नीट लागत नाही, जर्मन 'हेकेन'शी त्याचं नातं सांगतात ते पटण्यासारखं आहे. जहाजाच्या झडपेलाही इंग्रजीत हॅचच म्हणतात, त्यामुळे झडप उघडून पिल्लू बाहेर येतं असा अर्थ लावायचा मोह होतो, पण तो शब्द वेगळा मानलेलाच बरा. शेवटचा 'री' बेकरी, ब्रुअरी यांतलाच, म्हणजे जिथे ते काम चालतं ती जागा. अख्खा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला असावा, आणि तोही कोंबड्यांइतकाच माशांसाठी, कारण अमेरिकेत सॅमन माशाची अंडी गोळा करून उबवायचं सरकारी केंद्र कॅलिफोर्नियात मॅक्क्लाउड नदीवर 1872 मध्येच सुरू झालं होतं.

मराठी शब्दाची गंमत अशी की 'उबवणी'त ऊब आहे, म्हणजे कोंबडी किंवा मशीन जे काम करतं त्याचं नाव, आणि 'हॅच'मध्ये कवच फुटून पिल्लू बाहेर येणं आहे, म्हणजे पिल्लू जे काम करतं त्याचं नाव. आणि हॅचरीत खरोखर या दोन कामांच्या दोन वेगळ्या खोल्या असतात. पहिले 18 दिवस अंडी सेटरमध्ये आणि शेवटचे 3 दिवस हॅचरमध्ये. त्यामुळे दोन्ही शब्द अर्धे अर्धे बरोबर आहेत असं मला वाटतं, पण वेळेचा हिशोब धरला तर उबवणीचं पारडं जड आहे.

मशीन येण्याआधी हे काम खुडूक कोंबडीचं. अंडी द्यायची थांबली, पिसं फुलवून एका जागी बसायला लागली, हात लावला की चोच मारते, की ती खुडूक झाली. मग टोपलीत भुसा किंवा राख घालून 10-12 अंडी ठेवायची आणि तिला रवणीला बसवायचं. ती स्वतः चोचीने अंडी फिरवते, थोडा वेळ दाणापाण्याला उठते, परत बसते. मशीन याच गोष्टींची नक्कल करतं. मात्र हॅचरीसाठीच्या जातींमध्ये खुडूक होण्याची खोड निवड करून करून जवळजवळ घालवलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. म्हणजे आजची लेयर कोंबडी हॅचरी नसेल तर स्वतःची पुढची पिढी वाढवू शकत नाही.

सगळ्यात जुन्या हॅचऱ्या इजिप्तच्या की चीनच्या हा वाद आहे. इजिप्तच्या मातीच्या भट्ट्या तीन-चार हजार वर्षं जुन्या असं सर्रास लिहिलेलं दिसतं, पण लेखी पुराव्याला धरून राहायचं तर एवढं मागे जाता येत नाही. इ. स. पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने इजिप्तमध्ये अंडी शेणखतात पुरून उबवतात असं लिहिलंय, आणि इ. स. पू. पहिल्या शतकातल्या डायोडोरस या ग्रीक इतिहासकारानेही तिथल्या कृत्रिम उबवणीचं कौतुक केलंय. त्यामुळे ही पद्धत इ. स. पू. चौथ्या शतकाच्या आधीची नक्की, किती आधीची ते मोकळं ठेवणं जास्त प्रामाणिक. चीनचाही दावा तितकाच जुना सांगतात. इजिप्तच्या भट्टीत मध्ये बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली कोठड्या, खाली अंडी आणि वर शेणाची धग अशी रचना, आणि थर्मामीटर नसल्यामुळे कामगार अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचे. हे कसब बापाकडून मुलाकडे जायचं. फ्रान्सच्या रेओम्युर या शास्त्रज्ञाने 1749 मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि युरोपात तसं करून पाहिलं. पुढे पॅरिसमध्येच 1880 च्या सुमारास पिल्लांची उबवणी पेटी पाहून डॉ. तार्नियेंना दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांसाठी तशीच पेटी सुचली. आपल्याकडे अजूनही 'बाळाला पेटीत ठेवलंय' म्हणतात, ती ही पेटी.

पुण्यात हा शब्द घराघरात पोचला तो व्हेंकटेश्वरा हॅचरीजमुळे. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेला हा ग्रुप पुण्यातून वाढला, आणि इथे कुणी 'हॅचरीजमध्ये आहे' म्हटलं की नोकरी कुठे ते विचारावं लागत नाही, अनेकवचनी नावच एकवचनी झालंय. त्यांच्याच पुढाकाराने 1982 मध्ये राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. उरुळी कांचनला त्यांच्या नावाची पोल्ट्री शिकवणारी संस्था आहे. सरकारी बाजूला पशुसंवर्धन विभागाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र खडकीला आहे, परसातल्या कोंबडीपालनासाठी सुधारित जातींची पिल्लं अशा केंद्रातून मिळतात.

आता प्रत्यक्ष काम. अंडी आली की जंतू मारायला फॉर्मलिनचा धूर देतात, मग 15 ते 18 अंशाच्या कोल्ड रूममध्ये ठेवतात, तेही आठवड्याच्या आतच वापरायची, पुढे हॅचिंगचं परसेंटेज पडतं. ट्रेमध्ये जाड टोक वर, कारण हवेची पोकळी तिकडे असते. सेटरमध्ये साधारण 37.5 ते 37.8 अंश, आणि दर तासाला सगळे ट्रे एकदा इकडे 45 अंश एकदा तिकडे 45 अंश कलतात, नाहीतर गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. सुरुवातीला अंड्याला ऊब द्यावी लागते आणि शेवटच्या आठवड्यात उलटं होतं, हजारो गर्भ स्वतःच इतकी उष्णता टाकतात की मशीनला गार करत बसावं लागतं, म्हणून लाईट गेली की जनरेटर लगेच सुरू व्हायलाच हवा. 18 व्या दिवशी अंडी उजेडावर धरून वांझ आणि मेलेली बाजूला काढतात. तोपर्यंत अंड्याचं वजन 11 ते 13 टक्के घटलेलं असतं. मग हॅचर, दमटपणा जास्त, ट्रे हलवायचे नाहीत.

20 व्या दिवशी हॅचरच्या दाराला कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते, कवच फुटायच्या आधीच पिल्लं ओरडायला लागतात. मग एका जागी बारीक चीर, तिथून पिल्लू गोल फिरत टोपी कापल्यासारखं कवच उघडतं. बाहेर आलं तेव्हा ओलं, केस चिकटलेले, काही तासांत सुकून गोंड्यासारखं होतं. पोटात बलक शिल्लक असतो त्यावर ते दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय तग धरतं, आणि या एका गोष्टीमुळेच हा धंदा शक्य झालाय, कारण मानेत मॅरेक्स या कोंबड्यांच्या रोगाची लस टोचून 100-100 च्या बॉक्समध्ये पिल्लं लांब पाठवता येतात. उन्हाळ्यात गाडी रात्रीच काढतात.

लेयर हॅचरीतली नर पिल्लं हा या धंद्यातला दुखरा भाग आहे आणि नोंदीत तो गाळू नये. ती अंडी देणार नाहीत आणि मांसाला परवडत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी मारतात. आपल्याकडे काही रंग लावून रस्त्यावर विकतात, गुलाबी-हिरवी पिल्लं पोरं हट्टाने घरी नेतात आणि बरीचशी ऊब न मिळाल्याने थोड्याच दिवसांत मरतात, हे थांबायला हवं. जर्मनीत 2022 पासून नर पिल्लं मारायला बंदी आहे, तिथे अंड्यातच लिंग ओळखायचं तंत्र वापरतात.

बदकाला 28, टर्कीला 28, जपानी लाव्याला 17-18 दिवस लागतात, मशीन तेच, सेटिंग वेगळं. माशांची हॅचरी म्हणजे मत्स्यबीज केंद्र. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणात हलवून ठेवतात त्यालाही हॅचरीच म्हणतात, 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने हे काम तिथे उभं केलं. तिथे मशीन नाही, विक्री नाही, वाळूचीच ऊब, आणि वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात. कोंबडीचं अंडं फिरवलं नाही तर गर्भ दगावतो, कासवाचं फिरवलं तर दगावतो, म्हणून ते उचलताना वरची बाजू वरच ठेवून तशीच खड्ड्यात ठेवतात.