मिनिट रिपीटर (खिशातले स्विस घड्याळ)

कडेची कळ सरकवताच त्या क्षणाची वेळ टोले देऊन सांगणारे खिशातले घड्याळ. दिवा लावणे हीच एक खटपट असे त्या काळी अंधारात वेळ कळावी म्हणून ही युक्ती निघाली. तिच्या हक्कावरून इंग्लंडमध्ये एडवर्ड बार्लो आणि डॅनिएल क्वेअर यांच्यात वाद झाला. १६८७ मध्ये राजा दुसरा जेम्स याने क्वेअरच्या बाजूने कौल दिला. एकोणिसाव्या शतकात मात्र ही कला स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहर आणि झू खोऱ्यातील ल सांतिए, ल ब्रासस या गावांत बहरली. ल कूल्त्र (१८३३), पाटेक फिलिप (१८३९) आणि ओदमार पिगे (१८७५) ही त्यातली नामांकित घराणी.

आरंभीची रिपीटर तास आणि पाव तासच सांगत. मिनिट रिपीटरमध्ये तासांचे टोले खालच्या स्वरात, पाव तासांचे जोडीने दोन्ही स्वरांत आणि उरलेल्या मिनिटांचे वरच्या स्वरात पडतात. ३ वाजून ५२ मिनिटांनी तीन टोले, मग तीन जोड्या, मग सात टोले. सर्वांत लांबलचक वेळ १२:५९ ची, एकूण ३२ ठोके.

गंमत अशी की हे यंत्र काहीच मोजत नाही, ते चाचपते. काट्यांबरोबर फिरणाऱ्या चकत्यांची कड गोगलगायीच्या शंखासारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरती असते. तासाच्या चकतीला १२ पायऱ्या, पाव तासाच्या चकतीला ४ आणि मिनिटांच्या चकतीच्या चारही भुजांवर प्रत्येकी १४. कळ सरकवली की टोल्यांची वेगळी स्प्रिंग ताणली जाते आणि दातेरी पट्ट्यांची टोके या पायऱ्यांवर टेकतात. पायरी जितकी खोल, तितके जास्त दाते हातोडीखालून जातात. कळ अर्धवट सरकवली तर जुनी घड्याळे चुकीचा तास सांगत. पुढे बसवलेली एक छोटी तरफ अशा वेळी टोलेच पडू देत नाही. चुकीच्या वेळेपेक्षा मौन बरे, हा कारागिरांचा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

सुरुवातीला केसच्या (घड्याळाच्या बाहेरच्या डबीच्या) मागच्या बाजूला घंटा असे, त्यामुळे घड्याळ जाडजूड होई. न्यूशाटेलमध्ये जन्मून पॅरिसमध्ये नाव कमावलेल्या आब्राहम-लुई ब्रेगे याने १७८३ च्या सुमारास तिच्या जागी मशीनभोवती वळवलेली पोलादी तार आणली. तार एकाच टोकाला पक्की असते. बुडाशी कानशीने किंचित घासून तिचा स्वर लावतात. ती केसला कुठे टेकली तर नाद बसतो. टोल्यांची गती राखणारा नियंत्रकही ऐकण्यासारखा: जुन्या पद्धतीचा घरघरतो, नंतरचा जवळजवळ गप्प असतो. टोले पडत असताना काटे फिरवू नयेत, आतले भाग दुखावतात.

१८८० च्या स्विस कायद्यानंतर १८ कॅरेट सोन्याच्या केसवर हेल्व्हेशियाचे (स्वित्झर्लंडचे प्रतीक असलेल्या स्त्रीचे) शिर, तर १४ कॅरेटच्या केसवर खार उमटवली जाऊ लागली. संग्राहक आधी हे छापे पाहतात, पण खरी किंमत मशीनची. पुढे सोन्याच्या मोहापायी अनेक केस वितळवल्या गेल्या. त्यामुळे केस नसलेली, पण अजूनही टोले देणारी मशीन आजही विक्रीला येतात.