बंदुकीच्या दस्त्यावरील छद्मावरण

बंदुकीचा दस्ता आणि नळीखालचा हातपकडीचा भाग स्प्रेच्या डब्याने दोन-तीन मळकट रंगांत रंगवून तिचा ओळखीचा आकार मोडण्याची पद्धत. झाडोऱ्यात बंदूक दिसते ती दोन कारणांनी. रानात इतकी लांब आणि सरळ रेघ सहसा नसते, शिवाय पॉलिश केलेले लाकूड उन्हात चमकते. म्हणून रंग हिरवा असण्यापेक्षा तो मॅट असणे आणि पट्टे दस्त्याच्या कडेला आडवे छेदून जाणे महत्त्वाचे. कडेला समांतर पट्टे मारले की रंगवलेली बंदूक उलट अधिकच बंदुकीसारखी दिसते.

रंगाने लपण्याची लष्करी कल्पना आपल्याकडे खाकीपासून ओळखीची आहे. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ. तुकड्या-तुकड्यांच्या नक्षीचे शास्त्र मात्र पहिल्या महायुद्धातले. १९१५ साली फ्रेंच सैन्याने त्यासाठी चित्रकारांची वेगळी तुकडी उभी केली आणि तिची सूत्रे गिराँ द सेव्होला या चित्रकाराकडे होती. स्प्रेने उडणारा डबाबंद रंग अमेरिकेत एडवर्ड सेमूर यांनी १९४९ मध्ये तयार केला. तेव्हापासून हे काम घरच्या पडवीत बसून करण्याजोगे झाले.

कोकणात रायफल, म्हणजे नळीत आतून पीळ असलेली बंदूक, शेतकऱ्याच्या घरी क्वचितच. रत्नागिरी-सिंधुदुर्गात परवान्याची असते ती बहुधा शेतीसंरक्षणाची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, किंवा काडतुसाची, आतून गुळगुळीत नळीची. तिच्याखेरीज ४.५ मिमीची छर्‍याची बंदूक. हौसेने रंगवली जाते ती बहुतेक हीच. आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीवर स्प्रे मारायला घरातलेच कोणी सहजी तयार होत नाही, आणि ते बरेच आहे. जुन्या लाकडात वर्षानुवर्षे जवसाचे तेल मुरलेले असते. त्यावर रंग धरत नाही, पोपडे सुटतात.

रंगवण्याआधीची तयारी हेच खरे काम. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून शक्य तर दस्ता सोडवून घेतात. मग साबणाच्या पाण्याने आणि नंतर टर्पेंटाइनने तेलकटपणा काढतात. प्लास्टिकच्या दस्त्याला थिनर लावू नये. काही प्लास्टिक त्याने मऊ पडून चिकट होते. बारीक पॉलिश पेपरने चमक घालवली की नळीचे तोंड, चाप, नेम धरायची माशी आणि हलणारे सर्व भाग मास्किंग टेपने बंद करतात. पहिला हात सर्वांत फिक्या रंगाचा, साधारण वाळक्या गवताचा. डबा वीतभर किंवा थोडा अधिक दूर धरून पातळ फवारे मारायचे. जाड थर ओघळतो आणि वाळल्यावरही बोटाला लागतो.

त्यावर नक्षी. बाजारचे साचे आणायची गरज कोकणात पडू नये. माडाच्या झावळीची पाती, नेच्याचे पान, भाताचा पेंढा दस्त्यावर टेकवून गडद रंग फवारला की पानाचा आकार फिका उरतो. बारीक छिद्रांचे जुने मासेमारीचे जाळे ताणून धरले तर खवल्यांसारखी नक्षी उठते. सर्वांत गडद रंग शेवटी आणि हात राखून. काळा जास्त झाला की दुरून सगळा दस्ता काळाच दिसतो.

हवा हा इथला मोठा अडसर. पावसाळ्यात रंगातले द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतले बाष्प त्यावर धरते आणि रंगावर पांढुरकी साय येते. म्हणून हे काम थंडीच्या दिवसांत, दव सुकल्यावर करावे. किनाऱ्याजवळच्या गावी वस्तूवर खारट थर बसतो, तोही आधी ओल्या फडक्याने पुसून काढावा लागतो. चांगला बसलेला रंग लाकडात ओल शिरू देत नाही, आणि खाऱ्या हवेत हा फायदा लपण्याच्या फायद्यापेक्षा मोठा म्हणावा लागेल.

कारण लपण्याचे गणित इथे दर तीन-चार महिन्यांनी बदलते. कातळसडा, म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार, श्रावणात हिरवागार असतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो आणि शिमग्यापर्यंत जांभ्याचा तांबूस-काळा उघडा होतो. आंबा-काजूच्या बागा मात्र बारमाही हिरव्या. भातशेतीसाठी हिरवी रंगवलेली बंदूक मार्चमध्ये सड्यावर लांबून उठून दिसते. एकच रंगसंगती निवडायची तर मातकट तपकिरी आणि सुक्या गवताचा रंग घ्यावा, हिरवा नावापुरता.

प्रश्न कोणापासून लपण्याचा, हाही आहे. भात-नाचणीत शिरणारा रानडुक्कर बहुधा रात्री येतो. त्याची नजर बेताची, तांबडा-हिरवा भेद त्याला नीट कळत नाही, पण नाक विलक्षण तीक्ष्ण. त्याच्यासाठी दस्ता कितीही कलाकुसरीने रंगवला तरी वाऱ्याची दिशा चुकली की राखण फुकट. वानर आणि लाल तोंडाचे माकड, म्हणजे मालवणीतले केलडे, यांना रंग जवळपास माणसासारखेच दिसतात. त्यांच्यापुढे नक्षीला अर्थ आहे, पण हात हलला की तीही कामाची नाही. आणि माकडांना पळवून लावणे एवढाच तर हेतू असेल, तर बंदूक त्यांना दिसलेलीच बरी.

रंगवल्याने परवान्याच्या अटी सैल होत नाहीत. शेतीसंरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. वन्यप्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ८ नुसार बंदुकीवरील नाव, क्रमांक किंवा इतर ओळखखूण खोडणे, काढणे वा बदलणे यास मनाई आहे. म्हणून क्रमांकाच्या जागी टेप लावूनच फवारा मारावा आणि टेप रंग ओला असतानाच काढावी. वाळल्यावर ओढली तर कडेचा रंगही तिच्याबरोबर सोलून येतो.